वॉचडॉग टायमर: राखणदार की जागल्या?

बर्डीकर: हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या लिनक्स मशीनसाठी मराठी सूचनापत्रक लिहितोय. रात्री तिथे कोणी नसतं, म्हणून मशीन अडकलं तर आपोआप रीस्टार्ट व्हावं यासाठी हार्डवेअर वॉचडॉग लावलाय. ‘राखणदार कालमापक’ लिहिलं तर शिफ्टवाले हसले. दुसरा शब्द?

धंतोलीकर: हसतीलच! राखणदार बघतो तरी. हा टायमर काही बघत नाही, नुसता उलटा मोजतो. मुदतीच्या आत ‘ठीक आहे’ असा निरोप आला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून, नाही तर थेट रीसेट. पुष्कळ लिनक्स ड्रायव्हरमध्ये, म्हणजे हा टायमर हाताळणाऱ्या प्रोग्राममध्ये, ही मुदत 60 सेकंद असते. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरची चिप मात्र जास्तीत जास्त 15 सेकंदांच्या आसपासचीच मुदत देते.

काटोलरोड: आमच्याकडे रानडुकरांसाठी जागलीला जातात ना भाऊ. मचाणावरचा अधूनमधून हाळी देतो. हाळी थांबली की बाजूच्या वावरातल्याला समजतं, गडी झोपला. म्हणजे जागल्या टायमर नव्हे बाप्पा, जागल्या ती मागे चालणारी सेवा, डीमन. टायमर म्हणजे कान लावून बसलेला बाजूवाला.

धंतोलीकर: नेमकं. पण ‘जागल्या’ पेपरवाल्यांनी व्हिसलब्लोअरसाठी, म्हणजे आतले गैरप्रकार उघड करणाऱ्यासाठी, कधीच उचललाय. नाव वॉचडॉगच राहू द्या, क्रियापद तेवढं मराठी हवं.

बर्डीकर: ‘हजेरी लावणे’?

धंतोलीकर: हजेरी लावून माणूस चहाला जातो, घोटाळा तिथंच आहे. मुख्य प्रोग्राम अडकलेला आणि सेवा मात्र दर दहा सेकंदांनी डिव्हाइस फाइलमध्ये, म्हणजे टायमरला निरोप द्यायच्या फाइलमध्ये, लिहितेय, असं झालं तर मशीन रीस्टार्ट होणारच नाही. वॉचडॉग डीमनला आधी तपासायला लावता येतं: मेमरी उरलीय का, लोड म्हणजे कामाचा ताण किती, ठरावीक फाइल बदलतेय का, नेटवर्कवरून दिलेल्या हाकेला (पिंगला) उत्तर येतं का. हे सगळं बघून मग सांगणं, त्याला ‘खुशाली कळवणे’ म्हणा.

काटोलरोड: खुशाली झकास! अन् सेवा मुद्दाम बंद करायची तर? बहुतेक ड्रायव्हरमध्ये शेवटी ‘व्ही’ अक्षर लिहून फाइल बंद केली की टायमर थांबतो. न लिहिता बंद झाली तर सेवा मेली असं धरून मोजणी चालूच. मी याला ‘सांगून जाणे’ म्हणतो. नोवेआउट, म्हणजे एकदा सुरू झालेला टायमर थांबवू न देणारं सेटिंग, लावलं असेल तर सांगूनही जाता येत नाही.

बर्डीकर: ‘खुशाली’ आणि ‘सांगून जाणे’ दोन्ही घेतो. आमच्याकडे नोवेआउट लावलंय का, ते आधी मेंटेनन्सवाल्याला विचारावं लागेल.