महाकाय कृष्णविवर म्हणजे छोट्याचीच मोठी आवृत्ती?

रात्रपाळी:
माझं मत: दीर्घिकेच्या केंद्रातलं महाकाय कृष्णविवर आणि जोडीदार ताऱ्याचा वायू ओढणारं दहा-बारा सूर्यांचं कृष्णविवर, दोघांची यंत्रणा एकच. फरक फक्त वस्तुमानाचा. जीआरएस १९१५+१०५ हे छोटं कृष्णविवर बघा. वस्तुमान सुमारे १२ सूर्यांचं, आणि त्याचे क्ष-किरण अधूनमधून सेकंदाला ६७ वेळा कमीजास्त होतात, म्हणजे एक ठोका १५ मिलिसेकंदांचा. २००८ मध्ये आरई जे१०३४+३९६ या दीर्घिकेत साधारण तासाभराचा ठोका सापडला. तिथलं कृष्णविवर काही दशलक्ष सूर्यांचं, म्हणजे छोट्याच्या साधारण अडीच लाख पट. १५ मिलिसेकंदांनाही अडीच लाखांनी गुणा, तास येतो. आणखी काय हवं?

शंकासुर:
एका जोडीवरून सिद्धांत? त्या दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं वस्तुमानच पक्कं नाही. आकडा जरा इकडेतिकडे सरकवला की गुणाकार जुळतोच! आणि कृष्णविवराभोवती फिरत आत पडणाऱ्या वायूच्या तबकडीचं काय? छोट्याची कोटीभर अंशांपर्यंत तापून क्ष-किरण फेकते, महाकायाची लाख-दोन लाखांवर थांबते आणि अतिनील प्रकाश देते. त्या अतिनील प्रकाशाच्या रेट्याने वायूचे वारे सुटतात, ते छोट्याकडे तसे सुटत नाहीत.

रात्रपाळी:
अहो, तापमान उतरणार हे दोघांना लागू असलेल्या तबकडीच्या एकाच सूत्रात आहे. वस्तुमान कोटीपट झालं की तापमान पन्नास-साठ पटींनी उतरतं. शिवाय २००३ पासून रेडिओ तेज, क्ष-किरण तेज आणि वस्तुमान यांचा संबंध छोट्या आणि महाकाय अशा दोन्ही गटांना आलेखातल्या एकाच प्रतलावर बसवतो.

शंकासुर:
बसवतो, पण बिंदू पाच-दहा पटींनी विखुरलेले असतात.

अवंती:
तुम्ही दोघं ठोक्यांवर भांडताय, खरी अडचण वेगळीच. छोट्यांची अवस्था बदलायला, म्हणजे उजळायला किंवा मंदावायला, आठवडे-महिने लागतात. त्याच हिशोबाने महाकायांना लाखो वर्षं लागायला हवीत. मार्केरियन १०१८ या दीर्घिकेचं केंद्र मात्र ऐंशीच्या दशकात उजळलं आणि २०१५ च्या सुमारास पुन्हा मंदावलं. एका माणसाच्या नोकरीच्या काळात!

रात्रपाळी:
अवंतीताई, मुद्दा वजनदार आहे. पण अख्खी तबकडी रिकामी व्हायलाच हवी असं कुठे आहे? आतला पट्टा बिघडला तरी पुरे. महाकायांकडे प्रकाशाचा दाब वायूच्या दाबाच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे तो बिघडायची शक्यताही जास्त.

शंकासुर:
म्हणजे फरक फक्त वस्तुमानाचा नाही, हे तुम्हीच लिहिलंत की.

रात्रपाळी:
दाबांचं ते गुणोत्तरसुद्धा वस्तुमानाबरोबरच वाढतं हो!