घरगुती सौर-पवन संच वर्षभर चालवताना पवनचक्कीवर किती भिस्त ठेवावी?

प्रश्न

आमच्या गच्चीवर ३ किलोवॉटची सौर पॅनेल आणि ३ मीटर व्यासाची, १ किलोवॉट असा शिक्का असलेली पवनचक्की आहे. दोहोंची वीज १० युनिट साठवणाऱ्या, १६ सेलच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत जाते आणि रोजचा वापर सुमारे ६ युनिट आहे. उन्हाळ्यात बॅटरी दुपारी बारालाच भरते. मात्र सलग तीन-चार दिवस आभाळ भरून राहिले की ती तळाला जाते, आणि ज्या दिवसांसाठी पवनचक्की घेतली त्याच दिवसांत तिच्याकडून अर्धे युनिटही मिळत नाही. मोठी चक्की घ्यावी की पॅनेल वाढवावीत? शिवाय बॅटरी भरल्यावर चक्कीचा जोड स्विचने तोडून ठेवला तर चालेल का?

प्रतिसाद १

शिक्क्यावरचा आकडा बहुधा सेकंदाला ११-१२ मीटर वेगाच्या वाऱ्यासाठी असतो. वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे वेग निम्मा झाला की शक्ती आठव्या हिश्शावर येते. आपल्या पात्यांच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस मीटर आहे; सेकंदाला ४ मीटर वेगाच्या वाऱ्यात तेवढ्या वर्तुळातून जाणारी एकूण शक्तीच जेमतेम २७५ वॉट असते. बेट्झच्या मर्यादेनुसार तिच्यातील ५९.३ टक्क्यांहून अधिक कोणत्याही चक्कीला काढता येत नाही आणि लहान चक्की पाव ते एक तृतीयांश काढते. तरीही तसा वारा दिवसभर वाहिला तर दीड-दोन युनिट मिळायला हवेत. म्हणून मला शंका आकाराची नव्हे, जागेची वाटते. गच्चीवर वारा इमारतीला आपटून भोवरे घेत येतो, चक्की सारखी तोंड फिरवत राहते आणि तिची थरथर घरातही उतरते. पात्यांचे खालचे टोक शंभरेक मीटर परिसरातील सर्वांत उंच अडथळ्यापेक्षा निदान १० मीटर वर असावे, असा सर्वसाधारण नियम आहे. आडातच नसेल तर मोठा पोहरा सोडून काय मिळणार? आधी वेगमापक लावून वर्षभराच्या नोंदी घ्याव्यात.

प्रतिसाद २

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. सौर पॅनेलचा जोड तोडला तर ते निमूट उन्हात पडून राहते. फिरत्या पवनचक्कीवरचा भार काढला तर तिला रोखणारे काहीच उरत नाही, फेरे वाढत जातात, व्होल्टेज चढते आणि चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर जळण्यापासून पाती तुटण्यापर्यंत काहीही घडू शकते. त्यासाठीच जादा वीज वळवून उष्णतेत खर्ची घालणारा डम्प लोड लागतो. अनेक जण त्या जागी पाणी तापवण्याची कॉइल जोडतात, पण पाणी तापल्यावर थर्मोस्टॅटने ती बंद केली की चक्की पुन्हा मोकळी सुटते. म्हणून तिच्यामागे साधा हवेत तापणारा रेझिस्टर हवाच. लिथियम बॅटरीत आणखी एक खोच आहे: तिचे संरक्षक सर्किट सेलमागे सुमारे ३.६५ व्होल्टला जोड अचानक तोडते, तेव्हा आपल्या १६ सेलसाठी डम्प लोड ५६ व्होल्टच्या आसपासच सुरू व्हावा. दुरुस्तीसाठी चक्कीतून येणाऱ्या तीन फेजच्या तारा एकत्र जोडून ब्रेक लावता येतो, परंतु तो वारा मंद असतानाच लावावा, कारण भर वाऱ्यात वाइंडिंग जळण्याची भीती असते.

प्रतिसाद ३

मी पॅनेल वाढवण्याच्या बाजूचा आहे. दाट ढगांत ती आपल्या नेहमीच्या उत्पादनाच्या १० ते २५ टक्केच देतात, तरी संच सर्वांत वाईट महिन्यावरून आखावा लागतो. उन्हाळ्यातील वाया जाणारी वीज ही त्याची किंमत समजावी. नवी पॅनेल हिवाळ्यासाठी अक्षांशाहून सुमारे १५ अंश अधिक कलती लावावीत. मात्र थंडीत पॅनेलचे व्होल्टेज वाढते, त्यामुळे एका ओळीत किती जोडायची हे सर्वांत थंड सकाळ धरून ठरवावे. बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नये. आणि इन्व्हर्टर स्वतः किती खातो तेही मोजा. ४० वॉटचा असला तरी दिवसाला जवळजवळ १ युनिट तिथेच जाते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आज इन्व्हर्टर मोजला, रिकामा असताना ५५ वॉट घेतो. डम्प लोड बसवेपर्यंत चक्की ब्रेकवर ठेवली आहे. चक्की गच्चीवरून हलवून उंच मनोऱ्यावर बसवायचा विचार आहे; वेगमापक त्या मनोऱ्यासाठी निवडलेल्या जागी लावावा की सध्या गच्चीवरच?

प्रतिसाद १

निवडलेल्या जागी, आणि शक्यतो चक्कीच्या भावी उंचीवरच. मोकळ्या सपाट जमिनीवर उंची दुप्पट झाली की वेग साधारण एक दशांशाने वाढतो, म्हणजे शक्ती एक तृतीयांशाने. त्यामुळे खालच्या नोंदी फसवतात.