पाचवीच्या वर्गात सिम्युलेशन वापरलं, मुलांना मजा आली पण डोक्यात काय शिरलं कळत नाहीये

खडूची_पेटी:

नमस्कार मंडळी, मी पाचवीला विज्ञान शिकवते. विद्युत परिपथ शिकवताना या वेळी पहिल्यांदाच फेटचं (PhET, विज्ञानाची सिम्युलेशन्स देणारी वेबसाइट) सिम्युलेशन वापरलं, ते स्क्रीनवर बॅटरी, वायर, बल्ब ओढून जोडायचं असतं ना, ते. टॅब ६ आणि मुलं ३२, म्हणजे एका टॅबवर पाच-सहा डोकी. वर्गात नुसता कल्ला, एरवी मागे गप्प बसणारी मुलंसुद्धा पुढे घुसत होती, मला फार बरं वाटलं. पण तास संपता संपता मी वहीत एक साधं चित्र काढायला सांगितलं, की एक सेल आणि एक बल्ब आहे, वायर कुठून कुठे लावाल. ३२ पैकी ११ जणांनी सेलच्या एका टोकापासून बल्बपर्यंत एकच वायर काढली!! दहा मिनिटांपूर्वी याच मुलांनी स्क्रीनवर चार-चार बल्ब पेटवले होते हो. म्हणजे मग केलं काय त्यांनी? माझ्या मते खटपट करत करत जुळून आलं, उजेड पडला की पुढचा बल्ब, आणि निम्म्यांचं लक्ष तर बॅटरी शॉर्ट करून ज्वाळा काढण्यातच.

आता मला कळत नाहीये की चूक कुठे झाली. आधी खरे सेल-बल्ब हातात द्यायला हवे होते का? एका टॅबवर इतकी मुलं असली की असंच होतं का? की ही सिम्युलेशन्स मोठ्या वर्गांसाठीच बरी? ज्यांनी खरंच वर्गात वापरलीयत त्यांनी प्लीज सांगा, मला हे सोडून द्यायचं नाहीये.

प्रयोगवही:

ताई, सोडू नका अजिबात. आणि ते चित्र तुम्ही काढायला लावलंत हे फार चांगलं केलंत, बहुतेक जण मुलं खूश दिसली की तास छान झाला म्हणून मोकळे होतात.

माझा अनुभव सांगते. पहिली सात-आठ मिनिटं मीही मोकळी सोडते, काहीही सूचना न देता. फेटवाले स्वतःही शिक्षकांना हेच सांगतात, की आधी ५ ते १० मिनिटं मुलांना मनासारखं खेळू द्या. ज्वाळा काढायच्या तेवढ्या त्यात काढून होतात, मग त्याचं अप्रूप राहत नाही. पण त्यानंतर सगळे टॅब पालथे. हे महत्त्वाचं आहे, स्क्रीन दिसत असली की मुलं विचार करत नाहीत, करून बघतात. टॅब पालथे असताना मी फळ्यावर एक सेल आणि एकापुढे एक असे दोन बल्ब काढते आणि विचारते, कुठला जास्त उजेड देईल? प्रत्येकाने वहीत लिहायचं आणि का तेही लिहायचं, एक ओळ पुरे. मागच्या वेळी एक मुलगी ठामपणे म्हणाली, "पहिला बल्ब जास्त खाईल, दुसऱ्याला उरलंसुरलं." अर्धा वर्ग तिच्या बाजूने.

मग टॅब उचलले. दोन्ही बल्ब सारखेच. ती मुलगी मानायलाच तयार नाही, तिने स्क्रीनवरच्या एका इलेक्ट्रॉनवर बोट ठेवलं आणि तो सरकेल तसं बोट सरकवत पूर्ण फेरी मारली, पहिल्या बल्बच्या आधी, दोघांच्या मध्ये, दुसऱ्याच्या नंतर, सगळीकडे वेग तोच. दोनदा केलं तिने. आणि मग मला विचारते, "मॅडम मग बल्ब खातो तरी काय?" माझ्यासाठी त्या तासाचं सोनं झालं तिथे.

तुमच्या एका वायरवाल्या मुलांसाठी पण हेच करा. टॅब पालथे ठेवून विचारा, बल्बकडून सेलकडे परत येणारी वायर काढून टाकली तर आधीच्या वायरमधले इलेक्ट्रॉन काय करतील? बरीच मुलं म्हणतील की ते बल्बपर्यंत येऊन थांबतील. प्रत्यक्षात सगळेच एकदम थांबतात, अगदी सेलच्या तोंडाशी असलेलेसुद्धा. हे डोळ्यांनी बघितलं की एका वायरचं चित्र त्यांचं त्यांनाच खटकायला लागतं.

एका टॅबवर पाच-सहा जण म्हणजे फारच झाले हो. दोघं किंवा तिघं, त्यातल्या एकानेच हात लावायचा, बाकीच्यांनी सांगायचं, आणि पाच मिनिटांनी हात बदलायचा.

हातातलं_विज्ञान:

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. लहान मुलांना आधी खरी वस्तू हातात मिळायलाच हवी असं माझं पक्कं मत आहे. स्क्रीनवर वायरचं टोक नुसतं जवळ नेलं की आपोआप चिकटतं. खऱ्या वायरचं प्लास्टिक सोलावं लागतं, बल्बला नेमकं कुठे टेकवायचं ते शोधावं लागतं, कॉन्टॅक्ट लूज असतो, सेल उतरलेला असतो. बल्ब का लागत नाही हे शोधताना मूल जे शिकतं ते स्क्रीनवर कुठून येणार? तिथे सेल उतरतच नाही. ताईंच्या ११ मुलांनी बल्बची दोन वेगवेगळी टोकं कधी बोटाने चाचपली असतील का, मला शंका आहे.

दुसरं म्हणजे मुलं चित्रालाच खरं मानतात. इलेक्ट्रॉन निळे गोल असतात असं उत्तरपत्रिकेत लिहिलेलं मी वाचलंय. आणि ते तुरुतुरु पळतात असंही, खरं तर साध्या वायरमध्ये ते इतके हळू सरकतात की सेकंदाला एक मिलिमीटरसुद्धा पुढे जात नाहीत. पदार्थाच्या अवस्थांचं जे सिम्युलेशन आहे त्यात बर्फाचे कण दाखवतात, मी मुलांना विचारलं की या कणांच्या मधल्या जागेत काय आहे, वर्गाचं एकमुखी उत्तर आलं, हवा! आता तिथे काहीच नसतं हे पाचवीच्या मुलाला पटवायचं म्हणजे दोन तास कमी पडतात. त्यामुळे तिसरी-चौथीला कणांच्या वाटेला मी जातच नाही. त्या वयात सावल्या, चुंबक, पट्टीचा तराजू हे सगळं खरंखुरं करता येतं की.

पण जे हातात घेताच येत नाही, फार मोठं, फार लहान, फार हळू किंवा धोक्याचं, तिथे मीही सिम्युलेशन वापरतो. ग्रहांच्या कक्षांसाठी वापरतो, फक्त त्यात एक पडदा खऱ्या प्रमाणातला असतो तो आवर्जून दाखवतो, आणि त्याआधी मैदानावर नेतो. २० सेंटिमीटरचा चेंडू पृथ्वी धरला तर चंद्र साडेपाच सेंटिमीटरचा, तो धरून मुलाला उभं राहायला सांगितलं की सगळे त्याला हातभर अंतरावर उभं करतात. मग ६ मीटर मोजून लांब पाठवायचं. तोंडं बघण्यासारखी होतात मुलांची.

आणि ताई, ते ज्वाळांचं तेवढं गांभीर्याने घ्या. घरच्या प्लगमध्ये वायर घालायची नाही हे त्याच तासात, तिथल्या तिथे, स्पष्ट शब्दांत सांगा.

फळ्यामागे:

@हातातलं_विज्ञान, सर, खऱ्या वस्तूचं महत्त्व मान्यच आहे, पण "आधी खरंच हवं" हे इतकं सरळ नाहीये. फेट सुरू केलं कार्ल वीमन यांनी, कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली, आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. तिथल्याच मंडळींनी २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला, काही विद्यार्थ्यांना परिपथाचा प्रयोग खऱ्या साहित्याने करायला दिला आणि काहींना सिम्युलेशनवर. नंतर सगळ्यांना खरं साहित्य देऊन परिपथ जोडायला आणि समजावून सांगायला लावला तर सिम्युलेशनवाले जास्त चांगले निघाले, संकल्पनांच्या प्रश्नांतही आणि जोडणीतही. अर्थात ते कॉलेजचे विद्यार्थी होते, त्यांनी लहानपणी सेल-बल्ब हाताळलेले असणार, त्यामुळे पाचवीला ते जसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणत नाही. पण लूज कॉन्टॅक्टशी झटापट करण्यात सगळा तास गेला की मूळ कल्पना बाजूला राहते हेही खरंच आहे ना.

मी दोन्ही एकाच तासात करतो. फुगा स्वेटरवर घासून भिंतीला चिकटवायचा प्रयोग घ्या, हवा दमट असली की तो हमखास फसतो कारण फुग्यावरचा विद्युतभार टिकतच नाही. पूर्वी मी अशा दिवशी प्रयोगच पुढे ढकलायचो. आता मुद्दाम फसू देतो, मग त्याचंच सिम्युलेशन उघडतो, त्यात सगळे अधिक-वजा भार दाखवायची सोय आहे, फुगा भिंतीजवळ नेला की भिंतीतले वजा भार मागे सरकताना दिसतात. आणि मग मुलांना विचारतो की स्क्रीनवर चिकटला तर आपला का पडला? या एका प्रश्नावर चौथीच्या वर्गात २० मिनिटं चर्चा चाललीय.

तंत्रदादा:

वरती सगळं छान आलंय, मी फक्त तांत्रिक बाजू सांगतो. वर्गात नेटच्या भरवशावर राहू नका. फेटची आताची सिम्युलेशन्स एचटीएमएल५ मध्ये आहेत, प्रत्येकाच्या पानावर डाउनलोडचं बटण असतं, एकच फाइल येते, ती टॅबवर टाकून ठेवली की ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडते. बऱ्याच सिम्युलेशन्सची मराठी भाषांतरंही आहेत, मराठी निवडून मगच उतरवून घ्या. जुन्या ब्लॉगवरच्या फ्लॅशच्या लिंकमागे लागू नका, फ्लॅश २०२० च्या शेवटी बंद झालंय. आणि तासाच्या आदल्या दिवशी एका टॅबवर नाही तर सगळ्या टॅबवर उघडून बघा, हा माझा शिकून आलेला शहाणपणा आहे.

खडूची_पेटी:

सगळ्यांचे मनापासून आभार. आज करून आले म्हणून लगेच लिहितेय.

वर्गाचे दोन भाग केले, १६ मुलं टॅबवर म्हणजे एका टॅबवर दोन-तीन जण, आणि १६ खऱ्या सेल-बल्बवर, नंतर अदलाबदल. एका गटाचा बल्ब काही केल्या लागेना. वायर नीट, बल्ब दुसऱ्या गटात लावून बघितला तर तो चांगला. मी मुद्दाम काही बोलले नाही. त्यातला एक मुलगा उठून टॅबवाल्यांकडे गेला आणि म्हणाला आमच्यासारखंच जोडून दाखवा. त्यांनी जोडलं, तिथे लागला. मग तो परत येऊन बराच वेळ सेलकडे बघत बसला आणि एकदम ओरडला, "आपले सेल तोंडाला तोंड लावून ठेवलेत!" दोन सेल होते, दोघांची अधिकची टोकं समोरासमोर. त्यांनी एक उलटा केला आणि लागला बल्ब. टॅबवाल्यांनीही लगेच स्क्रीनवर एक बॅटरी फिरवून बघितली, तिथेही बल्ब विझला. दोन्हीकडून एकच आरडाओरडा. हे मी ठरवून कधीच घडवून आणलं नसतं.

शेवटी परत तेच चित्र काढायला लावलं. एका वायरवाले ११ चे ३ राहिले. दोन आठवड्यांनी न सांगता पुन्हा काढायला लावणार आहे, तेव्हा खरं काय ते कळेल.

पण @प्रयोगवही, तुमच्या त्या मुलीचा प्रश्न आमच्याही वर्गात आला हो! इलेक्ट्रॉन जेवढे गेले तेवढेच परत आले तर बल्ब खातो काय, उजेड कशाचा? मी ऊर्जा म्हणाले, पण मुलांसाठी तो नुसताच एक शब्द झाला, चेहऱ्यावरून कळतं ना. तुम्ही काय सांगितलंत?

प्रयोगवही:

वा ताई, वाचूनच छान वाटलं. मी त्या दिवशी काहीच नाही सांगितलं, दुसऱ्या दिवशी सायकल आणली वर्गात. सायकल उलटी करून ठेवायची आणि साखळीच्या एका कडीवर खडूने खूण करायची. एका मुलाने पॅडल फिरवायचं, दुसऱ्याने मागच्या चाकाला चप्पल घासून धरायची. खूण फिरून फिरून तिथेच येते, एकही कडी कमी होत नाही, पण चप्पल गरम होते आणि पॅडल फिरवणाऱ्याचा हात दुखतो. मग मुलांना विचारायचं की यातला सेल कोण, इलेक्ट्रॉन कोण, बल्ब कोण. आणि सरांनी वर लिहिलंय ना की इलेक्ट्रॉन खरे किती हळू असतात, तर पॅडल अगदी हळू फिरवायला सांगा, तरीही चाक त्याच क्षणी हलतं, कारण सगळी साखळी एकदम सरकते. बटण दाबल्या दाबल्या बल्ब का लागतो तेही त्यातच येतं. फक्त कडीवर खूण जरा ठळक करा, साखळीला तेल असलं की खडू पुसला जातो.