मदत हवी आहे : बीपीची गोळी बदलली तर फॅटी लिव्हरला फायदा होतो का?

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यातले. बाबा ५८ वर्षांचे, गळ्यात माळ, दारूचा थेंब नाही. तरी बेळगावात सोनोग्राफी केली तर ग्रेड २ (मध्यम) फॅटी लिव्हर निघालं. रिपोर्ट हातात धरून ते एवढंच म्हणाले, "मी तर कधी पीत नाही रे." फार वाईट वाटलं. पोटाचा घेर, बीपी, साखर यांनीही लिव्हरवर चरबी चढते, हे आमच्याकडे कुणी सांगतच नाही.

बाबांना रोज सकाळी अ‍ॅम्लोडिपिन ५ ही बीपीची गोळी आहे. माझ्या वाचनात आलं की टेल्मिसार्टन, लोसार्टन या बीपीच्याच दुसऱ्या गोळ्या अँजिओटेन्सिनचं (रक्तवाहिन्या आवळून बीपी वाढवणारं शरीरातलं द्रव्य) काम अडवतात. हेच अँजिओटेन्सिन लिव्हरमधल्या काही पेशींना चेतवतं आणि तिथे व्रणासारखे तंतू साठायला लागतात. टेल्मिसार्टनचा इन्सुलिनवरही थोडा चांगला परिणाम होतो म्हणे. पण फॅटी लिव्हरचं औषध म्हणून या गोळ्यांना मान्यता नाही, हेही वाचलंय. शिवाय टेल्मिसार्टन पित्तावाटे बाहेर पडतं, म्हणजे लिव्हर जास्त बिघडलं असेल तर जपूनच.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळीला हात लावणार नाही. पण त्यांना नेमकं काय विचारू? गोळी बदलण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारं), पोटॅशियम तपासावं लागतं का? आणि बेळगाव किंवा निपाणीत फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) कुठे होतं, खर्च किती येतो? कुणाच्या घरी अशी गोळी बदलली असेल तर कृपया अनुभव सांगा. सोमवारी दवाखान्यात जायचंय.