डीपीएफ, ईजीआर, एससीआर: काम झालं की नुसता कोड उडवला? (अनुभव धागा)

डिझेलवेडा (धागाकर्ता)
१ एप्रिल २०२० ला बीएस ६ हे प्रदूषणाचे नियम आले. त्यासाठी डिझेल गाड्यांत डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर), ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह) आणि एससीआर (युरिया फवारून धुरातला नॉक्स हा विषारी वायू कमी करणारी यंत्रणा) असे भाग असतात. तेव्हाच्या डिझेल गाड्या आता वॉरंटीबाहेर जाऊन बाहेरच्या गॅरेजांत येऊ लागल्यात. ईसीयूत, म्हणजे गाडीच्या संगणकात, बिघाडाचा कोड पडून चेक इंजिनचा दिवा लागतो, गाडी दिवसभर गॅरेजात राहते, दिवा विझतो, बिल हातात पडतं. आठवड्याभरात दिवा परत हजर. गॅरेजने नक्की काय केलं हे मालकाने कसं ओळखायचं? जाणकारांनी लिहा. कुणी फसवलं ते नको, तपासायचं कसं ते हवं.

घाटवाट
तपासणीची सुरुवात गाडी देण्याआधीच करायची. साधं ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लावून मोबाइलवर कोड दाखवणारं) लावा. कोड आणि त्याचा फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड पडला तेव्हाचा वेग, आरपीएम आणि कूलंटचं तापमान, यांचा स्क्रीनशॉट घ्या. ओडोमीटरचाही फोटो काढा.

गाडी परत घेताना तीन गोष्टी बघा: कोड पुसल्यापासूनचं अंतर, तेव्हापासूनचे वॉर्म-अप (इंजिन थंडचं गरम किती वेळा झालं) आणि रेडिनेस मॉनिटर (ईसीयूची स्वतःची तपासणी पूर्ण झाली का ते दाखवणारी नोंद). कोड पुसला की पहिले दोन शून्यावर येतात आणि मॉनिटर 'इनकम्प्लीट' दाखवतात. अंतर शून्य-एक किलोमीटर असेल तर कोड पुसल्यावर ट्रायल झालेलीच नाही. पुसण्यात गैर काही नाही, दुरुस्तीनंतर पुसावाच लागतो. पण मॉनिटर पूर्ण होऊनही कोड परत आला नाही, तरच काम झालं म्हणायचं. डीपीएफचा मॉनिटर बऱ्याच गाड्यांत एक अख्खं रीजन (फिल्टर तापवून साठलेली काजळी जाळणं) झाल्याशिवाय पूर्ण होत नाही. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीचा तो लटकूनच राहतो.

काजळी
डीपीएफवर सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त थापा तिथेच मारल्या जातात.

पी २४६३ म्हणजे काजळी जास्त साठली. गॅरेजवाला बहुधा फोर्स्ड रीजन मारतो, म्हणजे स्कॅनरवरून जबरदस्तीने रीजन करवतो: गाडी जागेवर उभी, आरपीएम चढलेला, फिल्टरमध्ये ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान, वीस-तीस मिनिटं. यात काजळी जळते, राख जळत नाही. राख मुख्यतः इंजिन ऑइलमधल्या ॲडिटिव्हची असते, आणि ती काढायला फिल्टर खोलूनच साफ करावा लागतो. बिलावर 'डीपीएफ क्लीनिंग' दिसलं की पहिला प्रश्न हाच: खोलला होता का? खोलला असेल तर गॅस्केट नवं असतं, बोल्टांवर पान्याच्या ताज्या खुणा असतात. साफ करण्याआधीचं आणि पूर्ण सुकवल्यावरचं वजन मागा. नीट काम करणारा वर्कशॉपवाला ते लिहून ठेवतो.

आता डिफरेन्शियल प्रेशर, म्हणजे फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक. चावी ऑन, इंजिन बंद: शून्याच्या आसपास यायला हवं, नाहीतर सेन्सरच बाद. गरम इंजिन आयडलला: चांगल्या फिल्टरवर साधारण १ किलोपास्कलच्या आत. जागेवर ३००० आरपीएमला ते वाढतं. किती, ते मॉडेलप्रमाणे बदलतं, म्हणून कामाआधी आणि नंतर एकाच आरपीएमला मोजायचं. ३००० लाही शून्यच राहिलं तर आनंद मानू नका. फिल्टर फुटलाय, आतून पोकळ केलाय, नाहीतर सेन्सरची रबरी नळी चिरलीये. त्या नळ्या उष्णतेने कडक होतात, आणि घाईत कधी उलट्याही बसवल्या जातात.

सगळ्यात वाईट लबाडी म्हणजे फिल्टरला हात न लावता स्कॅनरवरून राखेचा काउंटर शून्य करणं. ईसीयूला वाटतं फिल्टर कोरा आहे. प्रत्यक्षात दाब जास्त येतो, तो त्याला काजळी समजतो आणि सारखं रीजन मारत बसतो. बऱ्याच गाड्यांत रीजनसाठी सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडतात. त्यातलं थोडं भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. म्हणून डिपस्टिक बघा: कामाच्या दिवशी एकदा, ५०० किलोमीटरनंतर पुन्हा. पातळी वर चढली आणि वास डिझेलचा आला, की समजून जा.

मूळ कारण शोधलं नाही तर नवा फिल्टरही भरणार. थर्मोस्टॅट उघडा अडकला की इंजिन पुरेसं तापतच नाही आणि रीजन सुरू होत नाही. इंटरकूलरचा फाटका होस, जास्त रिटर्न देणारे (डिझेल टाकीकडे परत सोडणारे) इंजेक्टर, लो-सॅप्स (कमी राख करणारं) नसलेलं ऑइल (बाटलीवर एसीईए सी २, सी ३ असा कंपनीने सांगितलेला ग्रेड बघा), हे सगळं तपासलं का, ते जॉब कार्डवर लिहून घ्या.

मिस्त्रीबुवा
ईजीआरचं थोडक्यात. गरम इंजिन, आयडल, लाइव्ह डेटा (स्कॅनरवरचे चालू आकडे). ईजीआर उघडला की एमएएफचा (आत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरचा) आकडा खाली यायलाच हवा, कारण तेवढी ताजी हवा कमी घेतली जाते. व्हॉल्व्ह उघडलेला दाखवतोय आणि एमएएफ जागचा हलत नाही, तर वाट कार्बनने तुंबलेली आहे किंवा मध्ये पत्रा मारलाय. पत्रा मारून सॉफ्टवेअरमधूनही ईजीआर बंद केला तर पी ०४०१ (ईजीआरचा प्रवाह कमी असल्याचा कोड) कधीच येत नाही, मालक खूश! व्हॉल्व्ह बदलला असेल तर स्कॅनरवरून ॲडॅप्टेशन (नव्या व्हॉल्व्हची ईसीयूला ओळख करून देणं) केलं का, तेही विचारा.

वऱ्हाडी
एससीआरवाल्यांनी आधी डीईएफ (वेगळ्या टाकीत भरायचं युरियाचं पाणी) तपासावं, सेन्सर नंतर. युरिया ३२.५ टक्के हवा. रिफ्रॅक्टोमीटरवर (द्रावणाचं प्रमाण दाखवणाऱ्या छोट्या यंत्रावर) थेंब टाकला की कळतं, चालणारी मर्यादा ३१.८ ते ३३.२. पी २०७एफ (डीईएफच्या दर्जाचा कोड) आला की काही गॅरेजं थेट नॉक्स सेन्सर बदलायला सांगतात. टाकीत पाणी मिसळलेलं असेल तर सेन्सर बदलून काय होणार? आमच्याकडच्या उन्हाळ्यात कॅन शेडमध्ये तापतात. ३५ अंशांवर डीईएफ सहा महिनेच टिकतं, तेव्हा कॅनवरची तारीख वाचा.

काम झालं का, ते दोन नॉक्स सेन्सरांच्या फरकावरून कळतं. एक्झॉस्ट चांगला तापल्यावर पुढचा (एससीआरच्या आधीचा) काहीशे पीपीएम दाखवत असताना मागचा त्याच्या फार खाली हवा. दोन्ही सारखेच चालले तर डोसिंग (डीईएफ फवारणं) होत नाही. डीईएफ इंजेक्टरच्या तोंडावर पांढरे खडे धरतात, ते कोमट पाण्यात विरघळतात. तारेने खरवडलं की नोझल गेलं.

डिझेलवेडा
पण पीयूसी पास झाली की झालं ना?

काजळी
नाही. डिझेलची पीयूसी फक्त धुराचा काळेपणा मोजते, नॉक्स मोजत नाही. तडा गेलेल्या फिल्टरची गाडीही त्यातून आरामात सुटते.

ऱ्हाइनकाठ
इथे जर्मनीत नेमकी हीच पळवाट बुजवली. १ जुलै २०२३ पासून युरो ६ डिझेलचे कण मोजतात, मर्यादा दर घनसेंटिमीटरला अडीच लाख. मशीन नसेल तर थंड टेलपाइपच्या आत पांढरा कपडा फिरवा. शाबूत डीपीएफ असलेल्या गाडीचा पाइप आतून जवळपास स्वच्छ असतो. कपडा काळाकुट्ट निघाला तर फिल्टरच्या डब्यावर वेल्डिंगचा ताजा जोड आहे का ते खालून बघा.

नवखा
डोंगल नसेल तर रीजन होतंय हे कळतं कसं?

घाटवाट
आयडल नेहमीपेक्षा शे-दोनशेने वर, रेडिएटरचा पंखा जोरात, तात्काळ ॲव्हरेज पडलेलं, जळका वास. अशा वेळी चावी बंद करू नका. हायवेला एक गियर खाली ठेवून पंधरा-वीस मिनिटं चालवा. आणि टाकीत पाव टाकीच्या वर डिझेल असू द्या, कमी असेल तर बऱ्याच गाड्या रीजन सुरूच करत नाहीत.