मदत हवी आहे: रिपेअरच्या जागेतून फुकट ड्रॉप, उजव्याला एकीकडे आणि डावखुऱ्याला दुसरीकडे?

मुठाकाठ:
गोल्फचे नियम पक्के ठाऊक असलेल्यांची मदत हवी आहे. रविवारी आमची स्ट्रोक प्लेची (एकूण फटके मोजायची) स्पर्धा आहे. त्याआधी हे मिटायला हवं, कारण चौघांच्या जुन्या ग्रुपमध्ये यावरून अबोला धरायची वेळ आली आहे.

पुण्यात पावसाळ्यात कोर्सची काय अवस्था होते ते इथल्या खेळणाऱ्यांना सांगायला नको. एका होलवर पाणी काढायला पाइप टाकलाय. चर बुजवून वर मुरूम पसरलाय आणि दोन्ही कडांना फक्कीची रेघ मारून ती जागा 'ग्राउंड अंडर रिपेअर' (दुरुस्तीची जागा, जिथून पेनल्टीशिवाय बॉल बाहेर काढता येतो) जाहीर केली आहे. पट्टा साधारण दीड मीटर रुंद, होलच्या दिशेने लांब गेलेला. त्याच्या डावीकडे फेअरवे (बारीक कापलेली हिरवळ), उजवीकडे घोट्याच्या वर आलेलं ओलं गवत.

सरावाच्या राउंडला माझा बॉल पट्ट्याच्या मधोमध थांबला. मित्राचाही जवळजवळ तिथेच. मी उजव्या हाताने खेळतो, तो डावखुरा. कॅडीदादांनी मला डावीकडे फेअरवेवर ड्रॉप करायला (बॉल हातातून खाली सोडायला) सांगितलं आणि त्याला उजवीकडे गवतात. तो भडकलाच. "एकाच खड्ड्यातून तुला गालिचा आणि मला गवत?" तिसऱ्याचं म्हणणं, फुकट सवलत आहे तर जी बाजू बरी ती घ्यावी. कॅडीदादा अनुभवी आहेत, पण कारण त्यांना नीट सांगता आलं नाही.

बरोबर कोण? शिवाय याच होलवर झाडाचा बुंधा उपटलेला एक खड्डा आहे, त्याला फक्की नाही. तिथूनही सवलत मिळते का?

लोखंड_सात:
कॅडीदादा शंभर टक्के बरोबर. हा नियम १६.१.

ड्रॉपची जागा जिथून मोजायची तो 'पूर्ण सुटकेचा सर्वांत जवळचा बिंदू' असतो. पूर्ण सुटका म्हणजे बॉल, तुमचे पाय आणि स्विंगची जागा, तिन्ही त्या पट्ट्याच्या बाहेर हवीत. नुसता बॉल बाहेर आला म्हणून भागत नाही. आता तुमचं उदाहरण बघा. उजव्या हाताचा खेळाडू होलकडे तोंड करून पाहिलं तर बॉलच्या डावीकडे उभा राहतो. बॉल डावीकडे पाऊण मीटर सरकवला की तो रेघेबाहेर आणि पाय त्याच्याही पलीकडे. काम झालं. उजवीकडे न्यायचा तर पाय पट्ट्यातच राहतात, म्हणून बॉल आणखी जवळजवळ मीटरभर पुढे ढकलावा लागतो. त्यामुळे तुम्हाला डावी बाजू जवळची. डावखुऱ्याचं बरोबर उलट. तुमच्या मित्राला गवत मिळालं ते बॉल आणि पाय जिथे पडतात त्या भूमितीमुळे. बॉल पट्ट्याच्या एका कडेला असता तर हिशोब बदललाही असता, म्हणून दर वेळी नव्याने उभं राहून पाहायचं, आणि तो फटका ज्या क्लबने मारला असता तोच क्लब हातात धरून.

'बरी बाजू घ्या' हे नियमात कुठेही नाही. जवळचा बिंदू झुडपामागे आला तरी तोच बिंदू.

पण मित्राला एक गोष्ट नक्की सांगा. बिंदू ठरल्यावर पटर (ग्रीनवरचा क्लब) सोडून बॅगेतल्या सर्वांत लांब क्लबने, म्हणजे बहुधा ड्रायव्हरने, एक क्लब-लांबी मोजता येते. तेवढ्या टप्प्यात, होलच्या जवळ न जाता आणि पट्ट्यापासून पूर्ण सुटका राखून, कुठेही ड्रॉप करा. त्या टप्प्यात गवत जरा विरळ असेल तर त्याचा फायदा घेणं हा त्याचा हक्क आहे. ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून. २०१९ पासून खांद्यावरून नाही. बॉल टप्प्याबाहेर घरंगळला तर पुन्हा ड्रॉप, दुसऱ्यांदाही गेला तर त्या दुसऱ्या ड्रॉपला बॉल जमिनीला जिथे पहिल्यांदा लागला तिथे ठेवायचा.

आणि बॉल उचलायच्या *आधी* दोन्ही बाजू बघून घ्या. मुरमावरून आहे तसा मारणं गवतापेक्षा बरं वाटलं तर ती मुभा आहे (स्पर्धेच्या कमिटीने 'नो प्ले झोन', म्हणजे तिथून मारायला मनाई, केलं नसेल तर). मात्र एकदा उचलला आणि मग 'नको, इथूनच मारतो' म्हटलं तर एक स्ट्रोकची पेनल्टी. फेअरवेवर चुकीच्या जागी ड्रॉप करून मारला तर स्ट्रोक प्लेमध्ये दोन स्ट्रोक, मॅच प्लेमध्ये (एकेक होल जिंकत खेळतात त्यात) होलच गेलं. म्हणून तुमच्या तिसऱ्या मित्राला रविवारच्या आत गाठा.

वेताळटेकडी:
बुंध्याच्या खड्ड्याबद्दल: फक्की नसली तरी सवलत मिळते. कोर्सची देखभाल करणाऱ्यांनी पाइप टाकताना, हिरवळीचे तुकडे काढताना किंवा बुंधा काढताना केलेला खड्डा व्याख्येतच रिपेअरची जागा धरला आहे. उचलून न्यायला रचून ठेवलेला गवताचा ढीगही त्यातच. पण तो ढीग तिथेच कुजायला सोडला असेल तर नाही. हवा खेळावी म्हणून पाडलेली छिद्रं नाहीत. ट्रॅक्टरच्या चाकाचा चर आपोआप धरत नाहीत. खोल असेल तर कमिटीने तो जाहीर करावा, म्हणून आधीच विचारून ठेवा.

लाल खुंट्यांच्या पेनल्टी एरियात (पाणी वगैरेच्या जागेत) बॉल असेल तर यातलं काहीच लागू नाही. आणि पट्टा फक्त तुमच्या फटक्याच्या वाटेत आडवा येतोय म्हणूनही सवलत मागता येत नाही. अपवाद एकच, बॉल ग्रीनवर (होलभोवतीच्या अगदी बारीक हिरवळीवर) असेल तर, मग ती जागा ग्रीनवर असो वा बाहेर.

मुठाकाठ:
लोखंड_सात, वेताळटेकडी, मनापासून आभार. तुमचं उत्तर मित्राला वाचून दाखवलं. अंगणात खडूने पट्टा आखून दोघे उभे राहिलो तेव्हा त्याला पटलं. मुख्य म्हणजे ड्रायव्हरने मोजायचं त्याला माहीतच नव्हतं.

एकच शंका राहिली. परवाच्या सरीने अर्धी फक्की वाहून गेली. रविवारी कड कुठे धरायची?

लोखंड_सात:
कमिटीला आजच कळवा आणि खुंट्या ठोकायला सांगा. नुसत्या खुंट्या असतील तर त्यांच्या जमिनीलगतच्या बाहेरच्या टोकांना जोडणारी रेघ ही कड, आणि खुंट्या स्वतः आतच धरतात. फक्कीची रेघही पूर्ण आत, बॉल नुसता तिला टेकला तरी आत.

खुंट्या नाहीच लागल्या आणि कड कळेना, तर दोन बॉल खेळा (नियम २०.१c). पुढचा फटका मारायच्या आधी मार्करला (तुमचा स्कोअर लिहिणाऱ्याला) सांगायचं की दोन बॉल खेळतोय आणि नियमात बसला तर कोणता मोजायचा. एक आहे तिथून, एक ड्रॉप करून. दोन्हींचा स्कोअर सारखा आला तरी कार्ड देण्याआधी कमिटीला सांगणं सक्तीचं आहे, नाहीतर थेट बाद. मॅच प्लेमध्ये ही सोय नाही, पण तुमची स्ट्रोक प्लेच आहे.