अनुभव धागा : कोकणातला लाल विंचू, ठणका थांबला म्हणजे विंचू उतरला असं नाही

विंचूदंशाशी रोजचा संबंध असणाऱ्यांनी नेमकं काय बघायचं आणि काय करायचं, तेवढंच लिहावं.

ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टर
जबर ठणका आहे, पण अंग कोरडं आणि हातपाय गरम आहेत, तर बहुधा निभावतं. मूल फारसं कळवळत नाही, पण उलट्या होतात, घामाने सदरा चिंब होतो, लाळ गळते, तळपाय गार पडतात, तेव्हा विष भिनलेलं असतं. मुलग्यांमध्ये लिंग ताठरतं. घरचे संकोचाने सांगत नाहीत, आपणच तपासावं. पुढे धाप आणि गुलाबी फेस दिसला तर फुप्फुसात पाणी झालेलं असतं.

प्राझोसिनची (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) साधी गोळी तोंडाने, वजनाच्या दर किलोला 30 मायक्रोग्रॅम, सुरुवातीला दर 3 तासांनी, हातपायांत ऊब येईपर्यंत. सावकाश विरघळणारी गोळी तोडून देऊ नये. मात्रा दिल्यावर मूल आडवंच ठेवायचं. आई कळवळून त्याला कडेवर घेते आणि रक्तदाब कोसळतो, म्हणून तिला आधीच नीट समजावावं. घामाने आणि उलट्यांनी गेलेलं पाणी भरून काढावं. अ‍ॅट्रोपिन देऊ नये, हृदयावर ताण वाढतो. प्रतिविष हाताशी असेल तर प्राझोसिनसोबत द्यावं, रुग्ण लवकर सावरतो. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी ही गोळी रुजवली. तिने किती घरं वाचली!

आशा कार्यकर्ती
मंत्र घातला, ठणका कमी झाला, ‘विंचू उतरला’ म्हणून पोर झोपवतात. घात होतो तो इथेच. गार पडलेल्या पोराचा ठणका परत आला, तर ती सुधारणेची खूण असते. चिरा देऊ नका, आवळून बांधू नका. दंशाची वेळ लिहून घ्या आणि 108 ला फोन करा.

बागायतदार
काळ्या इंगळीच्या (मोठ्या काळ्या विंचवाच्या) पुढच्या नांग्या, म्हणजे पकडीचे चिमटे, जाड. ती दुखवते खूप, पण जिवावर क्वचितच बेततं. लाल विंचू लहान, नांग्या बारीक, शेपूट जाड. जांभ्याच्या गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) फटी, लाकूडफाटा, पेंढा, कौलं ही त्याची घरं. लाकडं भिंतीला टेकवून रचू नयेत, जमिनीपासून वीतभर उंच ठेवावीत. रात्री अतिनील टॉर्च मारला की विंचू हिरवट चमकतो. चिमट्याने धरता येतो. खाट भिंतीपासून लांब, मच्छरदाणी गादीखाली खोचलेली.